जिभेची जागा

तिचं नाव मी इथे लिनोस असं लिहिते आहे,
कारण आपल्या लिपीत तेवढंच बसतं.
वाचताना ल च्या दोन्ही कडांनी हवा सोडा,
गरम दुधावरची साय फुंकून बाजूला सारावी तशी.
नाही जमलं? बघा.
मला सप्टेंबर ते मार्च लागले.

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही स्लाव सोडून
वेल्समधल्या लँगोलेनला आलो.
गावाच्या नावातच तो ल दोनदा,
आणि दोन्हीकडे मी नापास.
वर डोंगरात पाटीच्या दगडाच्या खाणी,
घरांवर पाट्या, कुंपणाला पाट्या, कबरींवर पाट्या,
सगळ्या काळ्या, सगळ्या ओल्या,
आणि नववीच्या वर्गात गणिताची नवी बाई
हजेरी घेते आहे.

'क्लिनोस.'
वर्ग हसला. ती नाही हसली.
'नाही, मिस.'
दुसऱ्या दिवशी 'थ्लिनोस'.
'नाही, मिस.'
मग 'श्लिनोस', आणि मागच्या बाकावरून
कोणीतरी मुद्दाम शिंकलं.

एकदा ळ सुद्धा लावून पाहिला.
म्हटलं, वेगळाच ल हवा आहे ना,
आपल्या घरात एक पडून आहे.
पण ळ ने आपल्यात शब्द सुरूच होत नाही,
तो कायम कोणाच्या तरी आडोशाला.
तिच्याकडे मात्र असलं अक्षर
थेट दारात येऊन उभं,
पायातले बूटही न काढता.

नोव्हेंबरात मी कंटाळले.
'नुसतं लिन म्हणू का?' विचारलं,
जसं मला विचारलं होतं स्लावच्या स्टाफरूममध्ये,
पंधरा वर्षांपूर्वी, बिस्किटांचा डबा पुढे करत,
'डॅव म्हटलं तर चालेल ना?'
मी बिस्कीट घेतलं होतं.

'नको, मिसेस धवल्हीकर,' ती म्हणाली.

ळ च्या जागी तिची ती फुंकर.
चुकीचं होतं, पण सबंध होतं.
त्या अक्षरापर्यंत आजवर
कुठल्याच शाळेतलं कोणी चालत आलं नव्हतं.
फळ्यावर अर्धवट समीकरण तसंच ठेवून
मी खिडकीपाशी गेले, उगीच.

मग घरी सराव. भांडी विसळताना,
गाडीत, लाल सिग्नलला.
नवरा म्हणाला, कुकरची शिट्टी गेली आहे
की मांजर हाकलते आहेस?
पालकसभेला तिची आई आली,
दुकानाचा गणवेश तसाच अंगावर, हातात छत्री.
अपूर्णांकांचं नंतर बघू म्हणून मी तिला हेच विचारलं.
तिने माझ्यासमोर आ केला,
दाढदुखी दाखवावी तशी जीभ दाखवली,
कुठे टेकवायची, कुठून सोडायची.
म्हणाली, पक्ष्याचं नाव आहे, तपकिरी, एवढासा.
खाणीच्या वरच्या झुडपांत असायचे पूर्वी.
मग म्हणाली, फुंकर कमी, मिस.
तुम्ही मेणबत्ती विझवताय.

मार्चातला मंगळवार.
मी काहीच ठरवलं नव्हतं, मोजे ओले होते,
वह्या घरी राहिल्या होत्या,
आणि ती हवा आपोआप निघाली, दोन्ही कडांनी,
ओल्या फडक्याने पाटी पुसल्यासारखी.
सगळ्यांनी माना वर केल्या.
'बरोबर, मिस,' शिंकणारा मुलगा म्हणाला.
'पण ती गेली. शनिवारी.
स्वान्सीला, बाबांकडे.'

यादीत नाव अजून होतं.
ऑफिस शुक्रवारी काढतं अशी नावं.
तेवढे तीन दिवस मी ते रोज घेतलं,
जीभ जागेवर ठेवून,
उत्तरासाठी थांबावं तितकी थांबले,
आणि पुढे गेले.
माली. ओसियन. रिस.